त्या दुपारी मी झोपले नव्हते

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. मुलापाशी नाही, सुनेपाशी नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा दुसऱ्याच गोष्टी बोलत राहते, याची तब्येत, त्याची नोकरी. मला सारखं कुणीतरी बोलायला लागतं, हे आमच्या ओळीत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाला म्हणतो, "जिजी, तुमच्याशी बोलत बसलो तर माझी मेथी सुकून जायची." एवढी बडबडी बाई मी. आणि हे एक मात्र पाच वर्षं तोंडातून निघालं नाही. बडबड्या माणसाचं असंच असतं का? इतकं बोलायचं, की न बोललेलं कुणाला दिसूच नये?

शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. पुढचं सगळं इथे सुरतेत, साड्यांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या आणि औषधांची खोकी वाचून वाचून शिकले. लिहायलाही तसंच. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिते आहे, सांभाळून घ्या. नाही — सांभाळून घ्या, असं नको म्हणायला. ते अक्षरापुरतंच धरा.

उधन्याला आम्ही राहतो ती वरच्या मजल्यावरची दहा खोल्यांची ओळ. पुढे एक लांब गॅलरी, तिच्या कठड्याचे दोन गज निघालेले. खाली दिवसभर टेम्पो. ओळीत बहुतेक सगळे आपल्या खानदेशातले. बाप्ये लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये, बाया मार्केटात साड्यांच्या घड्या करायला. मी घरीच, उंबऱ्याशी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. अजूनही कापते. डोळे कमी झालेत, बोटांनी धागा कळतो.

माझ्या शेजारच्या खोलीत संगीता आणि भिकन राहायला आले, चोपड्याकडचे. त्यांची मुलगी रेणू, तेव्हा अडीच वर्षांची. त्यांच्या आधी त्या खोलीत एक एकटा पोरगा भाड्याने होता. तो पावडर विकतो असं मागून कानावर आलं. नशेची पावडर. एक दिवस तो खोली सोडून गेला आणि दोन महिन्यांनी ही माणसं आली. संगीताने आल्या आल्या भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या, दारावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. आता हे पोलिसांना कुणी सांगायचं? त्यांच्या कागदात खोली तीच, माणूस तोच.

संगीताला घड्यांचं काम मीच लावून दिलं. दुपारी एक ते सहा. पोरीचं काय करायचं? आमच्या ओळीत सगळ्या जणी करायच्या तेच — पोर जेवू घालून झोळीत झोपवायचं, बाहेरून कुलूप लावायचं आणि चावी मला देऊन जायचं. तुम्हाला ऐकून कसंतरी वाटेल. पण कठडा तसा, खाली टेम्पो तसे. पोर उठलं, रडलं, की मी कुलूप काढायची, दूध द्यायची, मांडीवर घेऊन बसायची. माझ्या कमरेला कधी तीन चाव्या असायच्या, कधी चार. खालची रिक्षावाली मंडळी हसायची, "जिजी तर जेलर झाल्या." मलाही मजा वाटायची. थोडा मोठेपणाही वाटायचा, खरं सांगते.

आणखी एक सांगायला हवं. संगीता झोळी खोलीच्या मधल्या कडीला बांधत होती. मी म्हटलं, "अगं, तिथे वारा नाही. दाराशी बांध, वरच्या जाळीतून हवा येते." तिने बांधली. मग दार उघडायची एक रीत ठरून गेली. दार आत उघडतं, म्हणून आधी वीतभर ढकलायचं, फटीतून हात घालून झोळी बाजूला सारायची आणि मगच दार पुरतं उघडायचं. संगीताला ठाऊक, भिकनला ठाऊक, मला ठाऊक. बाकी कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी संगीता नेहमीसारखी निघाली. पायात चप्पल सरकवत म्हणाली, "झोपेल शे वो, जिजी. उठनी ते दूध दी देज्यात." मी चावी कमरेला खोचली. पोरगी झोपली होती. गॅलरीत ऊन होतं. मी मांडीवर साडी घेऊन बसले.

तासाभराने जिन्यावर पावलं वाजली. चार-पाच माणसं होती. साधे कपडे, पण बुटांवरून कळलं. आमच्या इथे ते कळतं. आणि कळल्याबरोबर मी वळून पाहिलं ते शेजारच्या खोलीकडे नाही. माझ्या खोलीकडे.

कारण माझ्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागे, तीन बाटल्या होत्या. नातीचा साखरपुडा पुढच्या आठवड्यात. व्याह्यांकडच्या माणसांसाठी मुलाने नवापूरहून आणलेल्या. नवापूर महाराष्ट्रात, तिथे दारू दुकानात उघड मिळते, गुजरातेत आणली की गुन्हा. किती जण आणतात, तुम्हाला सांगायला नको. पण मुलाला धरून नेलं तर पलसाण्याची नोकरी जाईल, सोयरीक मोडेल, ही सगळी चित्रं माझ्या डोळ्यांपुढून जिन्यावरचे ते लोक माझ्यापर्यंत पोचायच्या आत फिरून गेली.

ते माझ्याजवळ नाही थांबले. संगीताच्या दाराशी थांबले.

त्यांच्यातला एक पोरगेला होता, माझ्या नातवाच्या वयाचा असेल. तो वाकून मला म्हणाला, "बा, आनी चावी कोनी पासे छे?" आजी, याची चावी कुणाकडे आहे? माझ्या कमरेला, लुगड्याच्या घडीत, ती मला टोचत होती. मी म्हटलं, "मने खबर नथी." म्हणजे, मला ठाऊक नाही. मग त्याने विचारलं, "अंदर कोई छे?" आत कुणी आहे?

इथे मला थांबावं लागतं. दरवेळी मी इथवर येते. मनातल्या मनात किती वेळा आले आहे — आणि दरवेळी वाटतं, आता म्हणेन. आत पोर आहे. तीन शब्द. पण तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, तेही सांगते. चावी दिली तर म्हणतील, ही यांच्यातलीच, हिच्याकडे चाव्या असतात. मग म्हणतील, हिचीही खोली बघा. पोर आहे म्हटलं तर कुणाचं, तू राखतेस का, चावी तुझ्याकडेच असणार. एका बोलण्यातून दुसरं निघेल आणि ते माझ्या तांदळाच्या डब्यापाशी येऊन थांबेल. हे सगळं एका श्वासात झालं. म्हातारपणी डोकं हळू चालतं म्हणतात ना? माझं त्या दिवशी किती भराभर चाललं.

मी पुन्हा म्हटलं, "मने खबर नथी." मांडीवरची साडी गोळा केली, उठले आणि माझ्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं.

मनात म्हटलं, बाटल्या आधी रिकाम्या करते, मग बाहेर येऊन सांगते. एवढाच वेळ. पहिली बाटली मोरीत ओतली तेव्हा बाहेर दारावर पहिला दणका बसला. भिंत एकच आहे मधली, हंड्यावरचं झाकण थरथरलं. दुसऱ्या बाटलीचं बूच निघेना, दातांनी काढलं. बाहेर कुणीतरी "एक, बे" म्हणत होतं. खांद्याने धडक देण्याआधी एक, दोन मोजतात तसं. मी ओरडू शकले असते. भिंत एकच आहे म्हटलं ना? साधं बोलले असते तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. मी तिसरी बाटली उचलली. तीही ओतली, वर दोन तांबे पाणी ओतलं, वास जाईना म्हणून फिनाइल ओतलं. आणि मग दार पडल्याचा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा एक आवाज — तो लहान होता. काहीतरी भिंतीवर आपटलं, एवढंच. त्यानंतर रडणं यायला हवं होतं. ते आलं नाही. किती वेळ आलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मोरीत उभी होते.

रडणं आलं तेव्हा मी बाहेर पळाले.

तो पोरगेला पोलीसच रेणूला घेऊन गॅलरीत आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून म्हणाला, "अंदर छोकरी हती, बा?" त्याने आवाजही चढवला नाही. मी पोरीला घेतलं. डावा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता, कानामागून रक्त येत होतं. तिने तोंड माझ्या छातीत खुपसलं. माझ्या हातांना दारूचा आणि फिनाइलचा वास येत होता.

खोलीत त्यांना मिळालं काय? एका डब्यात तांदळाचं पीठ, रेणूच्या पेजेसाठी दळून ठेवलेलं. त्यातलं चिमूटभर एकाने हुंगून पाहिलं. माझ्या खोलीकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. ते दारूसाठी आलेच नव्हते.

संगीता सहा वाजायच्या आधीच दवाखान्यात पोचली होती, कुणीतरी फोन केला होता. पोरीच्या खाटेशी उभी राहून तिने मला विचारलं, "जिजी, तुमले कोनी इचारं नही का वो?" मी म्हटलं, "माय, मना डोया लागी गयता." दुपारची आडवी झाले होते, डोळा लागला होता, दार मोडल्याच्या आवाजाने जागी झाले. तिने लगेच ऐकलं. म्हातारं माणूस, दुपारची वेळ, का ऐकणार नाही? उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही व्हतात म्हनीसन पोरले उचलं तरी कोनी."

पुढे चौकशीला साहेब आले. पोलिसांनी लिहून दिलं होतं, आम्ही हाका मारल्या, आतून-बाहेरून कुणाचं उत्तर आलं नाही. मला विचारलं. मी झोपले होते, म्हटलं. खरं सांगितलं असतं तर हेही सांगता आलं असतं, की हाका कुणी मारल्या नव्हत्या, शेजारच्या बाकीच्या दारांवर कुणी थाप दिली नव्हती, एका म्हातारीला दोन प्रश्न विचारून त्यांनी दार पाडलं. ते सांगणारी मी एकटीच होते. खाली सही केली. सही मी स्वतःची स्वतः शिकलेली. साहेब म्हणाले, "अक्षर छान आहे, मावशी."

मग दोष कुणाचा ठरला? भिकनची आई गावाहून आली. गॅलरीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "सोन्यासारखी पोर कुलपात टाकली आणि बाईसाहेब साड्यांच्या घड्या करायला गेल्या!" ओळीतल्या बाया माना हलवत होत्या. त्याच बाया, ज्यांच्या चाव्या माझ्या कमरेला असायच्या. संगीता खाली बघून ऐकत होती. मी तिच्या शेजारी उभी होते. मी तिला पाणी दिलं.

रेणू आता आठवीत लागली — म्हणजे आठव्या वर्षात. हात कोपरात वाकडा राहिला. एका कानाने ऐकू येत नाही. ती दार लावलेल्या खोलीत बसत नाही, शाळेतही दाराजवळचा बाक धरते. कुणी कडी वाजवली तर भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि डोक्यावर हात धरते. रडत नाही. नुसती उभी राहते. माझ्याकडे आली की मात्र मांडीत शिरते. इतकी मोठी झाली तरी.

ते लोक आता कडोदऱ्याला राहतात. संगीताला मुलगा झाला, आठ महिन्यांचा आहे. तिने काम सोडलं ते सोडलंच. गेल्या रविवारी आली होती. मुलाला कडेवर घेऊनच चहा प्यायली, मोरीतही त्याला घेऊन गेली. मी म्हटलं, "दे गं माझ्याकडे घटकाभर, मोकळी हो." तर म्हणाली, "तुमच्यावर नाही का भरवसा, जिजी? तुमच्यावर आहे. माझाच माझ्यावर राहिला नाही. मी पोर टाकून गेलेली बाई आहे."

हे ती किती साधेपणाने बोलली. जसं आपण आपलं वय सांगतो. पाच वर्षं ती तसं समजून जगते आहे आणि मी तिला चहा करून देते आहे.

ती गेल्यावर मी लिहायला बसले. रेणू गुजराती शाळेत जाते, हे तिला वाचता येणार नाही. संगीताला येतं. येत्या रविवारी ती आली की हे कागद तिच्या हातात देणार आहे. पाठवणार नाही, हातात देणार आहे. ती वाचेल तोवर मी तिच्यासमोर बसेन. मग ती जे बोलेल ते ऐकेन, आणि न बोलता पोरांना घेऊन उठून गेली तर तिला थांबवणार नाही.