विणकरांच्या पेठेतले चुकलेले कागद

नवरा गेल्यावर मी सोलापूरला दादाकडे आले. दादा कचेरीत कारकून होता आणि संख्याशास्त्राच्या परीक्षेला बसणार होता. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात आम्ही दोघेच. तो पुस्तकात, मी चुलीशी. "पान वाढ" आणि "दार लाव" यापलीकडे दिवसच्या दिवस बोलणे होत नसे.

एकदा कचेरीतून कुटुंबांच्या पाहणीचे कागद आले. मोजायला हात कमी पडले म्हणून त्याने मला शेजारी बसवले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मग सरासरी शिकवली. भागाकार मला चौथीपासून येत होता.

"एकच घर फार मोठं असलं की सरासरी फसवते," तो म्हणाला. "म्हणून घरं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडायची आणि मधलं बघायचं."

ते मला फार आवडले. कित्येक वर्षांनी कुणी मला काही समजावून सांगत होते.

विणकरांच्या पेठेतल्या बायका परक्या पुरुषाशी बोलत नसत, म्हणून साहेबांना विचारून दादाने तिथले कागद भरायला मलाच पाठवले. पहिल्या दिवशी मी कागद छातीशी धरून दारातच उभी राहिले.

"आली बघा कागदवाली," एक म्हातारी म्हणाली. "बस की अक्का. घरची मानसं संपली व्हय, म्हणून आमची मोजतीस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर दुपार कधी होते याची मी वाट बघू लागले.

कागदावर एक प्रश्न होता, काम करता का?

"काम कसलं बाई? मागावर आमचे मालक बसतात. मी घरीच हाय."

मी 'नाही' लिहायची. महिनाभर तेच लिहिले.

मग रेघा ओढायला बसले, तर कामकरी बायकांचा रकाना जवळजवळ कोराच राहिला. तेव्हा आठवले, उत्तर देताना एकीनेही सुताचा रहाट थांबवला नव्हता. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या त्याच भरत होत्या, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. त्यांना ते काम वाटले नाही आणि समोर बसून मलाही वाटले नाही.

चूक सांगितली तर माझे पेठेत जाणे बंद होणार, हे मला कळत होते. दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी भात वाढताना म्हणाले, "दादा, ते कागद चुकलेत."

"कुठले?"

"सगळे. काम करता का, असं विचारायचं नव्हतं. आज उठल्यापासून काय काय केलंत, असं विचारायला हवं होतं."

त्याने ताट बाजूला सारले.

"साहेबांना सांगावं लागेल. कुणी लिहिले तेही सांगावं लागेल."

"सांग."

साहेबांनी प्रश्न बदलला आणि माणूसही. आठवड्याने एक ट्रेनिंग झालेल्या मास्तरीणबाई पत्ते घ्यायला घरी आल्या. मी त्यांना गल्ल्या सांगितल्या. कोपऱ्यावरच्या म्हातारीला फक्त उजव्या कानाने ऐकू येते. लिंबाखालच्या घरी सकाळी जाऊ नका, अंगणभर सूत वाळत असते. त्यांनी सगळे लिहून घेतले.

उठताना त्या म्हणाल्या, "बायका तुमची चौकशी करतील. काय सांगू?"

"सांगा, कागदवाली आता घरची माणसं मोजते," मी म्हणाले. बाईंनी तेही लिहून घेतले आणि चपला घालून पायऱ्या उतरल्या.