दगड ठेवलेला ओंडका

परवा अमावास्या आहे. उधाणाचं पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत येईल आणि सावित्रीकाकी तो ओंडका धरून ठेवायला अंधारात एकटी समुद्रावर जाईल, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही. घरातले सगळे झोपले. मी तिच्याबद्दलच लिहीत बसले आहे.

सावित्रीकाकी तारकर्लीत आमच्या कुंपणापलीकडे राहते. सत्तरी ओलांडली, पण चालताना अजून पुढच्याला मागे टाकते. नवरा रापणीवर जाळं ओढायला जायचा. तो गेल्यावर तिने सुके बांगडे विकून एकुलत्या एका मुलाला, अजयला, वाढवलं. अजय आता बायकोमुलांसह दोडामार्गला राहतो आणि तिथून गोव्यातल्या एका कारखान्यात कामाला जातो. आखातात असता तर गोष्ट वेगळी. दोडामार्गहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला इथे पोचतो.

काकीची चूल विकतच्या लाकडावर कधी चालली नाही. शेजारच्या माडाच्या बागेत झाडलोट करायची आणि पडलेली चुडतं म्हणजे सुक्या झावळ्या आणि नारळाची सोडणं घरी आणायची, एवढ्यात तिचं भागायचं. आता त्या बागेत पर्यटकांच्या खोल्या झाल्या. दारात ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी लागली, आणि बागेतली काडीसुद्धा तिथल्याच स्वयंपाकघरात जाऊ लागली. कसालकडून लाकडाचा टेम्पो येतो, तोही हॉटेलांच्या दारातच रिकामा होतो. उरलेल्या मोळीचा भाव ऐकून काकी नुसती हसते आणि पुढे चालू लागते.

मग राहतो समुद्र. पावसात कर्ली नदीतून वाहून आलेली झाडं लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात. आमच्या वाडीची रीत अशी, की ज्याला लाकूड आधी दिसेल त्याने त्यावर एक दगड ठेवायचा. ते त्याचं झालं. मग ते कितीही दिवस पडून राहो, दुसरा कोणी हात लावत नाही. बारकी लाकडं काकी स्वतः डोक्यावरून आणते. मोठ्यांवर दगड ठेवते, ती अजयसाठी.

चतुर्थीला अजय यायचा. गणपती बसले की ओंडके ओढून आणायचा आणि मागच्या अंगणात फोडत राहायचा. मायलेक फारसं बोलत नसत. तो फोडायचा, ती पडवीत रचायची.

“हात सांभाळ रे.”

“तू आधी बाजूक हो.”

एवढंच. पण त्या दिवसांत काकीचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, एरवी यायचा नाही. सरपणाची फाटी पडवीच्या आढ्याला लागेपर्यंत तो जायचा नाही, आणि काकीही रोज कुठून तरी आणखी एखादं लाकूड दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी अजयने तिला गॅस घेऊन दिला. धुराने तिला खोकला लागतो म्हणून, स्वतःच्या हाताने शेगडी जोडून दिली. काकीने शेगडीला हळदकुंकू लावलं. गॅस आला, त्यामुळे त्या वर्षी लाकडं फोडायचं काम उरलं नाही, म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघून गेला. काकीने शेगडीवर फडकं टाकलं आणि पुन्हा चूल पेटवली. हे त्याला माहीत नाही.

यंदा श्रावणात भलामोठा ओंडका लागला. काकीने त्यावर दगड ठेवला आणि चतुर्थीची वाट बघू लागली. चतुर्थीच्या आधी अजयचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता.

“आये, लाकडाचा काय काम नाय मां? मगे मी दिवाळीक येतंय. आता रजा मिळणा नाय.”

“नाय रे,” काकी म्हणाली. “काम खंय? गॅस आसा मां.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ ती शेगडीवरचं फडकं सारखं करत राहिली.

गेल्या आठवड्यात हॉटेलवाला चंदन तिच्या दारात आला. “काकी, तो ओंडको माका दी. ट्रॅक्टर माझो, करवत माझी. अर्धी फाटी तुझ्या पडवीत आणून घालतंय.”

“तुझ्याकडे गॅस नाय काय रे?”

“आसा गो. पण लोकांका चुलीवरचा जेवाण व्हया.”

“मगे लोकांका सांग, येताना एकेक मोळी घेवन येवा.”

चंदन हसला, पण हटेना. “उधाणात गेलो तर तुकाय नाय, माकाय नाय.”

“दगड कोणाचो आसा त्येच्यार?”

“तुझो.”

“मगे वाट धर.”

खरं तर त्याचं म्हणणं वाजवी होतं. अर्ध्या ओंडक्यात तिची दिवाळीच काय, शिमगाही निघाला असता. तिच्याकडे आत्ता ओली चुडतं आहेत. सकाळची पेज शिजेपर्यंत घरभर धूर होतो आणि ती खोकत दारात येऊन बसते.

आज संध्याकाळी बघितलं तर ती गुडघाभर पाण्यात. जाळ्याच्या जुन्या दोराचं एक टोक वरच्या माडाला बांधून दुसरं ओंडक्याला गुंडाळत होती. लाट आली की ओंडका हलायचा आणि त्याच्याबरोबर तीही.

“काकी, अजयाक फोन करूया?”

“कित्याक? तो म्हणतलो, गॅस दिलंय तरी म्हातारी फाटी येचता. वायट वाटात तेका. सांगशीत तर बघ.”

“आणि ओंडको गेलो तर?”

“जाता कसो? मी आसंय मां हंयसर.”

तेव्हापासून मला चैन नाही. माझी मुलगी रिया पुण्याला असते. मी तिला रोज विचारते, जेवलीस का, पाऊस आहे का. ये म्हणून सांगायला मलाही काहीतरी काम काढावं लागतं. कधी कपाट आवरायचं असतं, कधी बँकेत सही हवी असते. काकीकडे फक्त लाकूड होतं, आणि ते काम अजयनेच मायेपोटी संपवून टाकलं.

या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे, हे काकीने मला कितीदा तरी सांगून झालंय. म्हणजे तो आत्ता जागा असेल. काकी माझ्याशी काही दिवस बोलणार नाही, कुंपणाकडे पाठ करून बसेल. बसू दे. अजयला गॅसबद्दल काही बोल लावणार नाही. एवढंच सांगेन, की ओंडका मोठा आहे, तुझी आई तो दुसऱ्या कुणाला देत नाही, आणि परवा अमावास्या आहे. पेन ठेवते आणि त्याला फोन लावते.