ओरडून बोलणारी बेन

आजही यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की सुरतच्या उधन्यातली आमची एक खोली आठवते. मागांच्या आवाजाने वडिलांचे कान गेले होते, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलायचो.

घराण्यात पहिली मीच बी.ए. झाले आणि जवळच्या गुजराती शाळेत नापास मुलांना फुकट शिकवू लागले. मुलं टिकली नाहीत तर वर्ग बंद, असं मोठ्या बेननी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बजावलं होतं. पहिल्याच दिवशी पोरं भेदरली. त्यांतल्या हेतल नावाच्या मुलीने विचारलं, "बेन, तमे भणावो छो के लडो छो?" शिकवताय की भांडताय!

लाजतच वडिलांचं सांगितलं. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

"मग तुमच्या वडिलांना ऐकू जातील असे पाढे म्हणू!" हेतल म्हणाली. सगळा वर्ग ओरडू लागला.

एकही मूल वर्ग सोडून गेलं नाही, आणि वर्षअखेर सगळी मुलं पास झाली.