लाल पेन्सिल आणि रुखमाची वही

यादोरावला जन्मात एकही गोष्ट धड वाटली नाही, आणि ह्याचा त्याला कोण अभिमान! भात मऊ झाला तर लापशी, मोकळा झाला तर कच्चा, आणि अगदी बेताचा झाला तर ताटच ओलं. आंधळगावात कोणाच्याही लग्नाला गेला तरी पंगतीतून उठता उठता वरण कसं बिघडलं हे तो खुद्द वरबापाला उभं करून सांगायचा. लोक हसून सोडून देत. म्हणत, जाऊ द्या, कारखान्यातला माणूस आहे, नजरच तशी झाली.

कारखाना म्हणजे जवाहरनगरचा, दारूगोळ्याचा. तिथं यादोराव चौतीस वर्षं तपासणीवर होता. गावाला वाटायचं हा तोफगोळे तपासतो. यादोरावनं कधी हो म्हटलं नाही नि नाहीही म्हटलं नाही, नुसता मिशीवरून हात फिरवायचा. खरं सांगू? हा गडी लाकडी पेट्या तपासायचा. माल भरायच्या, रिकाम्या. फळीला भेग आहे का, खिळा वाकला का, झाकण डुगडुगतं का, बस्स. खोट दिसली की लाल पेन्सिलनं फुली मारायची, पेटी बाजूला. चांगली पेटी आली तर काहीच करायचं नाही, ती आपोआप पुढं सरकायची. म्हणजे चौतीस वर्षांत चांगल्याला चांगलं म्हणायची पाळी ह्या माणसावर एकदाही आली नाही. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, गावात दोन खोल्या बांधल्या, पण लाल पेन्सिल शर्टाच्या खिशातून काही हलली नाही. पेट्या संपल्या म्हणून मग माणसं तपासायला घेतली.

पहिली फुली पोटच्या पोरावर. मनिष तिकडे नाकाडोंगरीला वनरक्षक आहे, सरकारी नोकरी, चार लोकांत मान. बाप म्हणायचा, "जंगलात झाडं मोजत फिरते. झाडं काय पळून जाऊन राहिली?" पोरगा ऐकून घ्यायचा. पण तीन वर्षांमागं सून हर्षाची सासरची पहिली दिवाळी आली. तिचे आईबाप पाहुणे म्हणून आलेले, ओसरीवर फराळाच्या बशा मांडलेल्या. यादोरावनं सुनेच्या हातची करंजी उचलली, उलटीपालटी करून पाहिली, कडेला उकललेली दिसली. खिशातून पेन्सिल काढली आणि बशीखालच्या कागदावर, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत, ही मोठी लाल फुली मारली. "रिजेक्ट!" म्हणाला आणि स्वतःच खदाखदा हसला. त्याच दुपारी मनिष बायकोला घेऊन निघून गेला, तो पुन्हा आला नाही. पुढं नात झाली, ती चालायला लागली, पण यादोरावनं ती फोनमध्येच पाहिली. कोणी विषय काढला की एकच उत्तर तयार. "करंजी फुटली होती. मी खोटं बोलू काय?"

अशा ह्या महाभागासोबत रुखमानं चाळीस वर्षं संसार केला. धन्य ती बाई! त्या दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारपासून ती चंद्रकुमारच्या घरी प्रार्थनेच्या बैठकीला जाऊ लागली.

चंद्रकुमार त्याच कारखान्यात स्टोअरला कारकून होता. आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती. पण नागपूरला एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंकडून ह्यानं काही वेगळंच उचललं आणि तेव्हापासून त्याच्याच चर्चमधले लोक त्याला ओळख देईनात. त्याच्या बैठकीत ना क्रूस, ना बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवणं. धर्म बदला असं तो कोणाला म्हणत नाही. रुखमा तुळशीला पाणी घालून तिथं जायची नि येऊन सांजेला दिवाही लावायची. सतरंजीवर आठ-दहा बाया बसतात. हा इस्त्रीचा सदरा घालून, आवाजात साखर घोळून बोलतो.

यादोराव एकदा मुद्दाम तिथं गेला. तपासायला, अजून कशाला! दाराशी खुर्ची ओढून पायावर पाय टाकून बसला.

चंद्रकुमार सांगत होता, "देव एकच आहे, सगळीकडे आहे, आणि तो निव्वळ चांगला आहे. रागावणारा, शिक्षा देणारा देव माणसानं आपल्या भीतीतून घडवला. येशूमध्ये जो देवपणा होता तोच तुमच्यात आहे, माझ्यात आहे. येशू आपला थोरला भाऊ. त्यानं तो जगून दाखवला, एवढंच."

"सगळ्यात आहे?" यादोरावनं विचारलं.

"सगळ्यात जी."

"आमच्या सरपंचात बी?"

बाया हसल्या. चंद्रकुमारही हसला. "आहे जी. ज्याच्यात देव दिसणं सगळ्यात अवघड जाते, त्याचंच नाव मी वहीत लिवायले सांगतो. रोज. नावापुढं लिवायचं, याच्या आत देव आहे. मन जसा विचार धरून ठेवते तसंच माणसाचं जगणं होत जाते. म्हणून प्रार्थना म्हणजे मागणं नाही. जे चांगलं आहे ते आहे म्हणायचं, जे वाईट आहे त्याची सत्ता नाही म्हणायचं, आन् मंग शांत बसायचं."

तेवढ्यात बायाबाई, ढिवरांच्या मोहल्ल्यातली, हातातली मासळीची टोपली बाजूला सारून म्हणाली, "मले शुगर आहे ना जी. मी रोज म्हणतो, शुगरची माह्यावर सत्ता नाही."

यादोरावला हेच पाहिजे होतं. "आन् गोळी?"

"गोळी बी घेतो. चंद्रकुमारभाऊच म्हणते, गोळीतला गुण बी देवाचाच."

इथं खरं तर ह्याचं तोंड बंद व्हायला हवं होतं. पण ते तोंड बंद होईल तर यादोराव कसला! तो उठून उभाच राहिला. "मी सांगतो तुमाले हे काय आहे ते. ज्याच्यापाशी जे असते तेच माणूस नाही नाही करते. ज्याचं पोट भरलं तो कधी घोकत बसते काय, मले भूक नाही, मले भूक नाही? जो घोकते ना, तोच उपाशी असते. समजलं काय? कायले येता बापा इथं!" मग रुखमाकडे बोट करून म्हणाला, "हे पाहा, हे बी लिवते वहीत. आपल्या व्याह्याचं नाव लिवत असंल."

सगळ्या बाया रुखमाकडे पाहू लागल्या. रुखमानं पदर डोक्यावर घेतला आणि सतरंजीची दशी ओढत बसली. चंद्रकुमारही का कोण जाणे, एकदम खाली पाहू लागला. मग म्हणाला, "अजून एक गोष्ट आहे यादोराव. नुसतं म्हणून, लिवून होत नाही. जे खरं समजलं ते जगा लागते. ते सगळ्यात कठीण."

"तेच त तुमाले जमत नाही!" असं म्हणत यादोराव चप्पल घालून निघाला. वाटेत भेटेल त्याला त्यानं बायाबाईच्या शुगरची नक्कल करून दाखवली. ही त्याची करमणूक महिनाभर पुरली.

मग गेल्या शनिवारी मनिषचा फोन आला. रुखमाला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर. यादोराव आतल्या खोलीत दाढी करत होता, त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आई, हर्षाले सातवा महिना लागला. तू ये. आन् मी पहिलेही म्हटलं, आताही म्हणतो, कायमची ये. एक खोली तुह्यासाठीच ठेवली आहे."

"आन् तुहे बाबा?"

मग मनिष म्हणाला, "त्याईले नको आणू आई. पोरगी लहान आहे. तिच्यावर फुली नाही मारू देणार मी."

रुखमा म्हणाली, "उद्या सांगतो बापू."

यादोरावच्या गालाला ब्लेड लागलं. बाई चाळीस वर्षं हलली नाही, आता कुठं जाते, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण ती "नाही" म्हणाली नव्हती, "उद्या सांगतो" म्हणाली होती, आणि हे काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. रात्रभर कुशी बदलल्या. सकाळपर्यंत त्यानं खोट शोधून काढलीच: हे सगळं त्या चंद्रकुमारचं! त्यानंच वहीत लिहवून घेतलं असणार, मुलाकडे जा म्हणून. रविवारी रुखमा बैठकीला गेली तशी ह्यानं कपाट उघडलं, साड्यांखालची दोनशे पानी वही काढली, ओसरीवर उन्हाला बसला आणि खिशातली लाल पेन्सिल कानावर खोवली. एकेक पान तपासून फुल्या मारायच्या नि वही चंद्रकुमारच्या तोंडावर फेकायची, असा बेत होता.

पहिलं पान उघडलं. तारीख त्या दिवाळीनंतरची. रुखमाचं अक्षर चौथीतल्या पोरीसारखं, मोठं मोठं.

"यादोरावच्या आत देव आहे. मले दिसत नाही पण आहे."

त्यानं पान उलटलं. "यादोरावच्या आत देव आहे." पुन्हा उलटलं. तेच. उन्हाळ्यात तेच, धान कापणीच्या दिवसांत तेच, नात झाली त्या दिवशी तेच. एका पानावर पाच-पाच, सहा-सहा दिवस. व्याह्याचं नाव नाही, सरपंचाचं नाही. तीन वर्षं गावातल्या सगळ्या माणसांतून तिला अवघड वाटलेला माणूस एकच निघाला होता.

आणि प्रत्येक दिवसाच्या खाली दुसरी ओळ होती. "मले याची भीती वाटत नाही. मले याची भीती वाटत नाही. याच्या बोलण्याची माह्यावर सत्ता नाही."

यादोराव नेहमीसारखा हसायला गेला, पण हसू काही येईना. जो घोकते तोच उपाशी असते, हे त्यानंच दहा बायांसमोर, उभं राहून, ओरडून सांगितलं होतं. आता तेच वाक्य त्याच्यासमोर येऊन बसलं. रोज सकाळी उठून ही बाई घोकत होती, मले भीती नाही. चहाचा कप समोर ठेवताना तिचा हात लगेच मागं का जातो, जेवताना ती ताटाकडे न पाहता ह्याच्या तोंडाकडे का पाहते, हे त्याला तेव्हा कळलं. चौतीस वर्षं फळीतली केसाएवढी भेग पकडणारा माणूस, आणि हे त्याला दिसलं नव्हतं. थू अशा नजरेवर!

त्यानं शेवटचं पान काढलं. आजची तारीख होती. पुढं "यादोरावच्या" एवढंच लिहिलं होतं. बाकी ओळ कोरी, आणि खालची दुसरी ओळ नव्हतीच.

फाटक वाजलं. रुखमा आत आली, तिनं वही पाहिली, कानावरची पेन्सिल पाहिली आणि तिथंच थबकली. नेहमीप्रमाणे आधी त्याचं तोंड निरखलं. मग सावकाश पुढं येऊन पायरीवर बसली.

"आज नावापुढं काही काहून नाही लिवलं?" यादोरावनं विचारलं. आवाज चढवायचा म्हणून सुरुवात केली होती, पण तो मध्येच उतरला.

"पाहिलं जी," रुखमा म्हणाली. "तीन वर्षं रोज पाहिलं. असंल आत देव, भाऊ म्हणते त असंलच. पण आज मले नाही दिसला. खोटं बोलू काय?"

हे वाक्य कोणाचं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. यादोरावनं पेन्सिल कानावरून काढून खिशात घातली, पुन्हा काढली. जाऊ नको, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण असले शब्द त्या तोंडाला कधी ठाऊकच नव्हते. बाहेर पडलं ते असं: "ह्या वहीत किती चुका आहेत शुद्धलेखनाच्या!"

रुखमा हसली. चाळीस वर्षांत प्रथमच त्याच्या तोंडाकडे न पाहता हसली. "असतीन जी. भाऊ म्हणते, नुसतं लिवून होत नाही, जगा लागते. भीती नाही म्हणून लिवलं लय दिवस. आता बिनभीतीनं राहून पाहतो. बुधवारी मनिष येते न्यायले. मी त्याले हो म्हटलं."

बुधवारी मनिष आला. अंगणातूनच "बाबा, नमस्कार" म्हणाला, आईची पेटी गाडीत ठेवली आणि गाडीचं मागचं दार लावलं. रुखमानं भाताचा डबा नि चटणीची बरणी कुठं आहे ते सांगितलं, तुळशीला हात जोडले आणि गेली. वही तिनं नेली नाही. ती ओसरीवरच पडली होती.

दुपारी यादोरावनं स्वतः भात लावला. अर्धा करपला, अर्धा कच्चा राहिला, तो तसाच खाल्ला. त्यात खोट काढून दाखवायला समोर कोणी नव्हतं. संध्याकाळी चंद्रकुमार रस्त्यानं जाताना फाटकाशी थांबला. "एकटेच काय जी यादोराव? या ना रविवारी."

"मले काही फरक पडत नाही," यादोराव म्हणाला.

मग मासळीची टोपली घेऊन बायाबाई आली. तिनं विचारलं, मासे एकट्यापुरते देऊ काय? तिलाही त्यानं हेच सांगितलं. किराणा दुकानात सांगितलं. आणि गुरुवारी सकाळी दूधवाल्यानं काही विचारलंही नव्हतं, नुसतं दूध मापून भांड्यात ओतत होता, तर त्याच्याकडे पाहून यादोराव म्हणाला, "मले काही फरक पडत नाही बापा. मले काहीच फरक पडत नाही."