हृदयाची जाड भिंत

ओले कपडे दगडावर आपटावेत तसा आवाज इको तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत घुमत होता, आणि तो माझ्याच हृदयाचा होता! लखनौच्या जानेवारीत, छातीवर गारढोण जेली चोपडून डाव्या कुशीवर पडलेला मी, स्वतःच्या आतला हा अविरत खटाटोप प्रथमच ऐकत होतो.

पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले, "दीवार मोटी हो गई है. बरसों का बढ़ा हुआ बीपी है. पर आपकी रीडिंग तो हर बार ठीक आती थी?"

ठीक येणारच! तपासणीच्या आधी आठवडाभर मी बीपीच्या गोळ्या नेमानं घेई. एरवी चाळिशीतल्या बँक अधिकाऱ्यानं रोज गोळी गिळायची, हे मला कमीपणाचं वाटे. दंडावरचा पट्टा फसला, पण हृदय कसं फसावं? ते वाढत्या दाबाशी अहोरात्र झुंजत राहिलं. कष्टानं दंड भरले तर आपण कौतुकानं थोपटतो. हृदय मात्र कष्टानं जाड झालं की ताठरतं, आणि दोन ठोक्यांमधली इवलीशी विश्रांतीही त्याला धड मिळत नाही. इतकं मुकं, इतकं इमानी असं माझ्यापाशी दुसरं काय होतं?

होतं. माझा स्वेटर हातात धरून माझी पत्नी सुनीता शेजारीच उभी होती. "नमक कम ही डालती हूँ, डॉक्टर साहब. फिर भी मेरे ही हाथ से ज्यादा पड़ता होगा," ती अपराधी स्वरात म्हणाली. मी मान खाली घालून शर्टाची बटणं लावत राहिलो. लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

अलीगंजच्या घरी त्या दिवसापासून सगळाच स्वयंपाक अळणी होऊ लागला. "मम्मी, इसमें तो कोई टेस्ट ही नहीं है!" म्हणत मुलीनं ताट सरकवलं. "बाबांसाठी गं. माझंच चुकलं आधी," म्हणून सुनीता तसलाच घास निमूटपणे गिळू लागली. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"तुझं काही चुकलं नाही. गोळ्या मीच घेत नव्हतो," मी कसाबसा बोललो.

ती रागावली असती तर किती बरं झालं असतं! ती उठली, गोळ्यांची पट्टी आणि पाण्याचा पेला घेऊन आली, आणि माझ्यासमोर बसून राहिली. मी गोळी गिळली.

"आ करा," ती शांतपणे म्हणाली.

मुलीच्या देखत मी मुकाट्यानं आ केला.