बंड्याचा मेंदू पिकेपर्यंत

आमच्या रत्नागिरीच्या बाल न्याय मंडळात निकाल कमी लागायचे आणि किस्से जास्त साठायचे. निकालाला मॅजिस्ट्रेटसाहेब आणि सदस्य एका दिवशी जमावे लागतात. किस्स्याला एकटा शिपाईसुद्धा पुरतो. मी तिथे परिविक्षा अधिकारी होतो. म्हणजे पोराच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि पोर कसं आहे याचा अहवाल लिहायचा. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच पोराचे आहेत. त्याचं नाव छापायला कायद्याची बंदी, म्हणून बंड्या म्हणू.

*

बंड्या लांज्याकडचा. दहावीत असताना मित्र म्हणाले, "हेडमास्तरांची स्कूटर चालवून दाखव, नायतर आजपासून तू आमच्यात नाय." बंड्याने चालवली आणि थेट चिरेखाणीत घातली. त्याला नुसतं खरचटलं, स्कूटर मात्र गेली. चोरीची केस झाली.

पहिल्याच तारखेला साहेब गरजले, "करण्याआधी विचार केला होतास का?"

"नाय साहेब. विचार केला असता तर कशाला चालवली असती?"

साहेबांनी त्याला उद्धट ठरवलं.

मी घरी गेलो तेव्हा त्याने एकच विचारलं, "केस कधी संपंल? माला बोटीवर जायचाय." केस असेपर्यंत पोलिसांचा दाखला नाही आणि दाखल्याशिवाय पासपोर्ट नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, "चार महिन्यांत संपेल रे." तेव्हा मीही नोकरीत नवाच होतो.

*

चार महिन्यांत एवढंच झालं की नेमकी गणिताच्या पेपराच्या दिवशी तारीख लागली. मी साहेबांना म्हटलं, "त्याची दहावीची परीक्षा आहे हो." साहेब म्हणाले, "कोर्टापेक्षा परीक्षा मोठी का?"

बंड्या पहिल्या एसटीने आला आणि बाकावर बसून राहिला. दुपारी कळलं, साहेब रजेवर आहेत. शिपायाने पुढची तारीख दिली.

बंड्या परत शाळेत गेला नाही. ही गोष्ट मला अजून खुपते.

*

पुढे कायदा बदलला, पाटी बदलली, साहेब बदलले. खुर्च्या त्याच राहिल्या. आमच्या प्रशिक्षणाला पुण्याहून मेंदूचे डॉक्टर आले. पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाले, "या वयात ॲक्सिलरेटर जोरात असतो आणि ब्रेक कच्चा. त्यात मित्र बघत असले तर विचारूच नका. मेंदूचा पुढचा भाग पिकायला पंचविशी उजाडते. निकाल देताना एवढं ध्यानात ठेवा."

बंड्या जे एका वाक्यात बोलला होता, तेच हे. त्याला उद्धट म्हटलं, डॉक्टरांना शाल-श्रीफळ दिलं.

नव्या साहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. परतताना जीपमध्ये मी बंड्याच्या केसचा विषय काढला, तर म्हणाले, "पंचविशीपर्यंत पिकत नाही ना? मग घाई कसली?"

*

एकदा मे महिन्यात साहेब आणि सदस्या लिमयेबाई यांची टेबलफॅनवरून जुंपली. दोघंही पन्नाशीचे. साहेब तो आपल्याकडे वळवत, बाई आपल्याकडे. शेवटी बाईंनी प्लगच काढला, साहेबांनी फाईल आपटली. बाकावरून बंड्या उठला. "साहेब, पंखा मधी ठेवून फिरता करू काय?"

करून दिला. मग साहेबांनी वारा खात पुढची तारीख दिली.

*

दरवर्षी माझा अहवाल जायचा. छापील नमुन्यात 'आवडता खेळ' असा रकाना होता. पंधराव्या वर्षी मी लिहिलं, 'क्रिकेट'. बाविसाव्या वर्षी लिहिलं, 'स्वतःच्या मुलीला खेळवणे'. वर कोणीही हरकत घेतली नाही. वाचलं असतं तर घेतली असती.

त्याच वर्षी नवा शिपाई आला. पुकारा केल्यावर मिशीवाला बंड्या उठला, तर शिपाई म्हणाला, "बापाचं काम नाय, पोराला पाठवा."

"मीच तो पोर," बंड्या म्हणाला. त्या दिवशी तो हसला नाही. बोटीवर आचाऱ्याची जागा निघाली होती आणि एजंटने महिनाअखेरपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं.

*

मी आणि लिमयेबाई साहेबांच्या मागे हात धुऊन लागलो. अखेर निकाल लागला. साहेबांनी मेंदूवर तीन पानं लिहिली. पुढचा भाग, ब्रेक, मित्रांचा दबाव, सगळं आलं. आणि शेवटी: 'सबब, समज देऊन बालकास पालकाच्या ताब्यात देण्यात यावे.'

वडील कधीच वारले होते, आई गेल्या शिमग्यात गेली. छापील हमीपत्रावर पालकाची सही तर हवीच. कारकून म्हणाला, "सहीशिवाय फाईल बंद होणार नाही."

दाराशी बंड्याची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. वय एकोणीस. साहेबांनी तिलाच पुढे बोलावलं. लिमयेबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अहो, हिचाच मेंदू अजून पिकायचाय."

तिने मुलगी बंड्याकडे दिली आणि हमीपत्र बोट ठेवून सगळं वाचलं. 'बालकास वाईट संगतीपासून दूर ठेवीन. बालकास नियमित शाळेत पाठवीन.' खाली सही केली. पेनाला टोपण लावून ते साहेबांपुढे ठेवलं आणि म्हणाली,

"शाळेत पाठवीन, साहेब. पण ह्या खेपेला पेपराच्या दिवशी तारीख देऊ नका."