रांजणाचं झाकण आणि मी

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीतल्या बायका पापड लाटता लाटता किस्से काढतात, आणि एक निघाला की मागून दहा निघतात. इतरांच्या किश्शांत दुसऱ्यांची फजिती असते. माझ्या किश्शांत दोष माझाच असतो, म्हणून मी ते जरा हळू आवाजात सांगते.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. चंद्रपूरकडच्या सावली गावात आमच्या ह्यांचं कबड्डी मंडळ होतं. दर मे महिन्यात गावोगावचे संघ यायचे. हे सेक्रेटरी, माझा धाकटा दीर दिवाकर कॅप्टन, आणि पाण्याचा रांजण माझ्या ताब्यात!

*

पहिल्या वर्षी ऊन बाधू नये म्हणून मी प्रत्येक खेळाडूला एकेक कांदा दिला. “खिशात ठेवा रे!”

कबड्डीच्या चड्डीला खिसा कुठे असतो! पण माझा शब्द कसा मोडायचा, म्हणून पोरांनी कांदे कमरेला खोचले. पहिल्याच चढाईत दिवाकर पकडला गेला. तो काही सुटला नाही, कांदा मात्र सुटला आणि घरंगळत मधली रेष ओलांडून आमच्या बाजूला आला.

पंच ह्यांना विचारतात, “सेक्रेटरी, गडी मेला, कांदा वाचला. पॉइंट कोणाले देऊ?”

*

दुसऱ्या वर्षी उद्घाटनाची वेळ मी पंचांग पाहून दिली. अभिजित मुहूर्त, म्हणजे भर दुपारी बारा! “या वेळेला नारळ फुटला की कप आपला,” मी म्हटलं. माझ्या पंचांगापुढे हे नेहमीच गप्प.

बाहेरगावचा संघ अनवाणी मैदानात उतरला आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागला. लोकांना वाटलं, वॉर्म-अप! टाळ्या पडल्या.

त्यांचा कॅप्टन ओरडला, “टाळ्या काऊन वाजवून राह्यले? पाय भाजून राह्यले न बाप्पा!”

संध्याकाळी त्या पोरांच्या तळव्यांना खोबरेल लावायला मीच बसले. मान खाली घालूनच लावलं.

*

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई त्याच दिवशी रागावल्या. सामने सकाळी ठेवा, नाहीतर उन्हं कलल्यावर. खेळ मधेमधे थांबवा, मीठ-साखरेचं पाणी पाजा.

मी म्हटलं, “खेळताना पाणी पेलं तर पोटात दुखते, बाई. अन् मी निर्जळी एकादशी करते. दिवसभर थेंब घेत नाई. मले काही होते का?”

“तुम्ही पाटावर बसून करता, वयनी,” त्या म्हणाल्या. “यंदा दोन चढाया मारून करा. मी शिट्टी घेऊन येते!”

सगळं मंडळ हसलं. मला ते फार लागलं.

*

त्याच वर्षीची फायनल. समोर चिमूरचा संघ. आपण जिंकावं म्हणून मी सकाळपासून निर्जळी धरली होती. हाफटाइमला दिवाकर आला. तोंड लालबुंद, अंगावर घामाचा टिपूस नाही.

“वयनी, घोटभर द्या.”

मी रांजणाच्या झाकणावर हात ठेवला. “मी तुझ्यासाठी सकाळपासून निर्जळी आहे. तुले वीस मिनिटं निघत नाई?”

तो तसाच मैदानात परत गेला. दुसऱ्या डावात त्याने चढाई केली ती आपल्याच गड्यांवर! लोक पोट धरून हसले. मीही हसले. मग तो खाली बसला, आणि आडवा झाला.

सिस्टरबाईंनी त्याला आंब्याखाली ओढायला लावलं, बनियन काढलं आणि माझा अख्खा रांजण त्याच्या अंगावर रिता केला. तशाच ओल्या अंगाने त्याला जीपमध्ये घालून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. मी खाटेच्या पायथ्याशी बसून होते.

डोळे उघडल्यावर त्याने पहिलं विचारलं, “वयनी, तुमची निर्जळी सुटली का?”

*

पुढल्या वर्षी सामने सकाळी सहाला सुरू, नऊला बंद. पंचांग कपाटात. रांजण दुसऱ्या कोणाकडे द्या म्हटलं, तर दिवाकर म्हणाला, “नाई. वयनीच पायजे.”

नेमकी फायनल आली निर्जळी एकादशीला.

पाण्यासाठी पहिली शिट्टी झाली. दिवाकर पुढे, मागे दोन्ही संघ. मी मीठ-साखरेच्या पाण्याचा गडवा भरून त्याच्या हातात दिला. तो तसाच धरून उभा राहिला.

“आज तुमची निर्जळी न, वयनी?”

“हो.”

“मंग मी कसा पिऊ?”

“पी रे बाबा!”

तो पिईना. मागचे चौदा-पंधराजण त्याच्याकडे पाहत थांबले. ऊन मैदानावर उतरलं होतं.

मी त्याच्या हातातला गडवा घेतला आणि उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, वरून ओतून अर्धा प्याले. उरलेला त्याच्यापुढे धरला. त्याने तो गटागटा संपवला आणि तोंड पुसलं.

“मीठ कमी हाय थोडं, वयनी.”

मी रांजणातलं पाणी पुन्हा चाखून पाहिलं. खरंच कमी होतं.